भोपळ्याची तोंडी परीक्षा

भोपळ्या तिसऱ्यांदा संडासात गेला, तेव्हा सरांना संशय आला.

एकदा गेला तर निसर्ग, दुसऱ्यांदा गेला तर वय, पण तिसऱ्यांदा गेला म्हणजे कॉपी, हा सरांचा उभ्या नोकरीतला नियम होता. परीक्षेच्या हॉलमध्ये सर नुसते खाकरले तरी पोरांच्या मोज्यांतल्या चिठ्ठ्या घामाने भिजत. शाळेत त्यांचं नावच ‘भरारी’ पडलं होतं. खरं भरारी पथक वर्षातून एकदा यायचं, सर रोज यायचे. आता अशा माणसाने परदेशात, सुट्टीच्या दिवशी, घंटाघराखालच्या बाकावर निवांत ऊन खावं की नाही? पण खोड ती खोड, विमानात बसलं म्हणून ती थोडीच मागे राहते!

भोपळ्या हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. गणितात दर वर्षी न चुकता भोपळा आणायचा, म्हणून भोपळ्या. पुढे तो या शहरात आला, एका बेकरीत भट्टीवर लागला आणि इथेच मुरला. सर त्याच्याकडे आले होते ते काही मजा मारायला नव्हे. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं तिला भोपळ्याच्या घरी ठेवायची की आल्या विमानाने परत न्यायची, हे उद्या सकाळी सांगायचं होतं. निघताना बायकोने बजावलं होतं, “भाऊजी नि वहिनी देवमाणसं आहेत. तिथे जाऊन उगाच काड्या घालू नका.” पण देवमाणूस म्हटलं की सरांना आधी त्याचे खिसे तपासावेसे वाटत.

म्हणून काल रात्री जेवताना त्यांनी पेपर काढला होता.

“भोपळ्या, उद्या मला तुझं शहर दाखव. सगळं. ज्याला स्वतःचं शहर माहीत नाही, त्याच्या घरी मी पोर ठेवणार नाही, सांगून ठेवतो.”

“शहर? अरे, तळहातावरच्या रेषा आहेत त्या माझ्या!” भोपळ्या म्हणाला खरा, पण त्याच्या घशात घास अडकला आणि वहिनींना पाण्यासाठी धावावं लागलं.

सकाळी लेकीचं डोकं दुखत होतं म्हणून ती घरीच राहिली. सरांना ते बरंच वाटलं. परीक्षेच्या वेळी हॉलमध्ये जादा माणूस नको.

तर भोपळ्या संडासातून आला. हात कोरडे ठणठणीत. सरांनी मनात नोंद केली.

“हं, तर हे घंटाघर!” भोपळ्या घडाघडा सुरू झाला. “दोनदा जळलं, दोनदा बांधलं. वरची घंटा शेजारच्या राजाने भेट दिली, आणि ती वाजली की त्यालाच झोप येईना, म्हणून लढाई झाली.”

“ती टोपी काढ की. एवढं ऊन आहे.”

“कान ठणकतोय रे,” म्हणत भोपळ्याने लोकरी टोपी आणखी खाली ओढली.

राजवाड्याच्या बागेत दोन पुतळे होते. पहिल्यापाशी भोपळ्या जरा घुटमळला, मान कलती केली, आणि दोघं दुसऱ्या पुतळ्यापाशी पोहोचल्यावर एकदम गहिवरून म्हणाला, “ही राणी फार प्रेमळ होती. सात लेकरं. दुष्काळात स्वतःचे दागिने मोडले बिचारीने.”

सरांनी वर पाहिलं. पुतळ्याला छातीपर्यंत दाढी होती, हातात तलवार होती.

“सात लेकरं हिला?”

भोपळ्याने पुन्हा मान कलती केली. “अं... नाही, नाही. राणी ती मागची. हा सेनापती.”

“लेकरं मग कुणाची?”

“राणीचीच! सेनापतीचा काय संबंध? तू पण ना, काहीही संशय घेतोस!”

हुशार पर्यवेक्षक पोराला लगेच धरत नाही, आधी त्याला कोण पुरवतंय ते बघतो. त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने मागे पाहिलं, आणि त्यांना हिरवा कोट दिसला.

गुडघ्यापर्यंत हिरवा कोट, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. ही बाई घंटाघरापाशी होती, राजवाड्याच्या दारात होती आणि आता कारंज्याआड उभी राहून कबुतरांना बघत होती. पण कारंज्यापाशी कबुतर औषधालासुद्धा नव्हतं. शिवाय तिचे ओठ हलत होते. ओठ थांबले की भोपळ्या बोलायला लागे.

अस्सं! हे नुसतं कॉपीचं प्रकरण नव्हतं.

नदीवरच्या पुलाआधी भोपळ्या चौथ्यांदा ‘जाऊन’ आला. या वेळी सर पाठोपाठ गेले आणि दाराला कान लावून उभे राहिले. पलीकडून एक परदेशी गृहस्थ हात धुताना त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहत होता, पण कर्तव्यापुढे सरांनी कधी कुणाची पर्वा केली नव्हती. आतून भोपळ्याचा दबका आवाज आला.

“राणी... हळू बोल गं जरा, एवढं एकदम माझ्या डोक्यात नाही शिरत. त्याला वास लागलाय बहुतेक. पुलावर थोडी जवळ ये, म्हणजे नीट ऐकू येईल... नाही गं, काकूला सगळं माहितीये, तिचीच तर आयडिया.”

शेवटचं वाक्य सरांपर्यंत पोहोचलंच नाही. ‘राणी’ आणि ‘जवळ ये’ एवढं ऐकूनच ते बाहेर पडले होते. त्यांना खरोखरच वाईट वाटलं. भोपळ्यासोबत त्यांनी चिंचा पाडल्या होत्या, मार खाल्ला होता. आणि हा या वयात, त्या सोन्यासारख्या बाईला घरात ठेवून... अशा घरात माझी पोर? छे, छे! उद्या सकाळी ‘नाही’ सांगायचं आणि संध्याकाळचं विमान गाठायचं.

पुलावर त्यांनी अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न टाकला.

“भोपळ्या, पुलाला खांब किती रे?”

भोपळ्याने मान कलती केली. मग दुसरीकडे कलती केली. मग टोपीवरून कान चोळला.

“आवाजच येत नाहीये,” तो पुटपुटला.

“कुणाचा?”

“पा... पाण्याचा! पूर्वी काय खळखळायचं!”

हिरवा कोट जवळजवळ येत अगदी पुढच्या दिव्याच्या खांबाशी येऊन थांबला. सरांनी झडप घातली आणि भोपळ्याची टोपी उपटली. कानातलं चिमुकलं पांढरं यंत्र टुणकन उडून फरशीवर पडलं.

“कॉपी!” सर एवढ्या जोरात गरजले की दोन सायकलवाले थांबले.

“अरे, ऐक तर...”

“तुझं मग बघतो. आधी हिला धरतो!”

हिरवा कोट पळाला. सर पळाले. पलीकडच्या काठावर ट्राम उभी होती, कोट पुढच्या दाराने चढला, सर मागच्या दाराने चढले आणि गर्दीतून वाट काढत पुढे गेले. तोवर कोट पुढच्याच दाराने खाली उतरला होता. दारं मिटली. काचेपलीकडे हिरवा कोट दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होता, मागून भोपळ्या धापा टाकत येत होता, आणि सर चालले होते. कुठे, ते ट्रामलाच ठाऊक.

मधे उतरायची सरांची छाती झाली नाही. ट्राम शेवटी एका डेपोत जाऊन थांबली, सगळे उतरले, दिवे गेले. पत्ता भोपळ्याच्या खिशात होता. फोन सरांकडे होता, पण त्यात इथलं कार्ड घालायला त्यांनी स्वतःच नकार दिला होता, कारण कार्डवाले बोलणं चोरून ऐकतात असा त्यांचा दाट संशय.

“भोपळ्या,” ते ड्रायव्हरबाईंना म्हणाले. “भोपळ्या! बेकरी!” आणि त्यांनी कणीक तिंबून भट्टीत पाव सरकवून दाखवला.

ड्रायव्हरबाईंनी त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. ती नजर सरांच्या चांगली ओळखीची होती, जन्मभर त्यांनी ती दुसऱ्यांवर वापरली होती. बाईंनी रखवालदाराला बोलावलं. रखवालदाराने सरांना पिशवी उघडायला लावली, मग खिसे उलटे करायला लावले. सरांना दरदरून घाम फुटला. मी निर्दोष आहे, हे कुठल्या भाषेत सांगायचं? आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मोज्यात चिठ्ठ्या ठेवणाऱ्या पोरांची दया आली.

तेवढ्यात दुसरी ट्राम आली आणि तिच्यातून हिरवा कोट उतरला.

कोट तडक आला आणि रखवालदाराशी तिथल्या भाषेत बोलू लागला. अडखळत, पण न घाबरता. एकदा तर चक्क रागावून. रखवालदार ओशाळला, ड्रायव्हरबाई हसल्या आणि त्यांनी सरांची पिशवी आदबीने परत दिली. मग कोटाने गॉगल काढला.

“बाबा, कुठे उतरायचं माहीत नाही, तर चढता कशाला?”

सर मटकन बाकावर बसले. “तू? तुझं तर डोकं...”

“काकांचं दुखत होतं, काल रात्रभर. अहो, एरवी ते रात्री भट्टीवर, दिवसा झोपलेले. इतकी वर्षं राहून घंटाघरसुद्धा पाहिलं नव्हतं त्यांनी! काकूंना म्हणाले, भरारी मला नापास करणार आणि पोरीचं कॉलेज बुडणार. मग काकूंनी मला त्यांचा कोट दिला.”

“पण फोनवरच सांगायचं होतं ना, घरी बसून!”

“तुम्ही राणीसमोर आहात की दाढीवाल्यासमोर, ते घरून कसं दिसणार? तरी काका एक पुतळा मागेच पडत होते.”

“आणि तुला हे सगळं कुणी दाखवलं?”

“कुणी नाही. तुम्ही चार दिवस काका-काकूंची उलटतपासणी घेत होतात ना, तेव्हा मी एकटी फिरून आले. भाषा तर घरीच शिकत होते वर्षभर. तुम्हाला वाटायचं, गाणी ऐकतेय.”

अजून काही दिवसांनी आपण या पोरीला इथे सोडून जाणार, हे त्यांना आत्ता पहिल्यांदा लख्ख कळलं, आणि भीती भोपळ्याची नव्हतीच कधी, हेही कळलं. डोळे भरून आले तसा त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

“ट्रामचं तिकीट माझं पण काढ,” ते एवढंच म्हणाले.

घरी पोहोचले तर भोपळ्या अजून आलाच नव्हता. पुलावरून तो सरांच्या शोधात निघाला होता आणि स्वतःच चुकला होता. लेकीने फोनवर त्याला एक एक वळण सांगत तासाभराने दाराशी आणून सोडलं. तो पायातले बूट काढतोय न काढतोय, तोच सरांच्या बायकोचा फोन आला.

“काय ठरवलंत हो? भाऊजींच्या भरवशावर पोरीला ठेवताय ना?”

सरांनी दारात घामाघूम उभ्या असलेल्या भोपळ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

“छे!” ते म्हणाले. “पोरीच्या भरवशावर भोपळ्याला ठेवतोय.”