मापाच्या वहीतल्या बातम्या

शेवटच्या साध्या दिवशी खाजामियाँ शिंप्यांनी लेकीकडून दोनदा सुई ओवून घेतली आणि एकदा विचारलं, "अन्वरी, आज बातम्या न्हायत का?"

हा त्यांचा चौदा वर्षं जुना विनोद होता. कळंबच्या शाळेत शिकवणारी अन्वरी सुट्टीला तेरला घरी आली की तो रोज एकदा व्हायचाच. तिनं पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, "संध्याकाळी सांगते, अब्बा." संध्याकाळी ती विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा उठले नाहीत.

त्या विनोदाची हकीकत अशी.

तेरच्या चावडीत पंचायतीचा रेडिओ आला, तेव्हा अन्वरी नऊ वर्षांची होती. रोज संध्याकाळी सरपंच बलभीमराव स्वतःच्या हातानं तो लावायचे आणि पोरं पुढच्या जागेसाठी भांडायची. महिन्याभरात पोरांची लक्षणंच बदलली. एकजण आईला "श्रोतेहो" म्हणून भाकरी मागू लागला. दुसरा बांधावर बसून शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा, तेवढ्यात त्याच्या शेळ्या शेजारच्या हरभऱ्यात. उत्तरेश्वर मास्तर ज्याला त्याला सांगत, "ही पेटी पोरं नासवणार, लिहून ठेवा."

अन्वरीला लागण सगळ्यांत जास्त झाली होती. रेडिओ ज्या खोक्यातून आला, ते खोकं अब्बांनी चिंध्या ठेवायला मागून आणलं होतं. एका बाजाराच्या दिवशी अब्बा दुपारच्या नमाजला गेले. अन्वरीनं चिंध्या बाहेर काढल्या, ओट्यावर खोक्यात जाऊन बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की बातम्या वाचायला काहीतरी लिहिलेलं लागतं. हाताशी लिहिलेली एकच वस्तू होती. अब्बांची मापाची वही.

"हे तेर केंद्र आहे. ठळक बातम्या. सरपंच बलभीमराव यांची कंबर गेल्या दसऱ्याला अडतीस होती. ती आता बेचाळीस झाली आहे. वाढ चालू आहे."

बाजाराला निघालेली माणसं थांबली. कुणीतरी हसलं, तसा खोक्यातला आवाज आणखी खुलला.

"शाळेकडून आलेली बातमी. उत्तरेश्वर मास्तरांच्या कोटाच्या दोन्ही खांद्यांत छटाक-छटाक कापूस भरण्यात आला आहे. तपासणीसाठी साहेब येण्यापूर्वी कोट तयार होईल."

साहेब एकदा येऊन गेले होते, कोटही तयार झाला होता, आणि तो घालून मास्तर गर्दीतच उभे होते. मागच्या एकानं सहज म्हणून त्यांचा खांदा बोटानं दाबून पाहिला. बोट आत गेलं.

गर्दीत सरपंचांच्या पत्नी सत्यभामाबाईही होत्या. त्यांनी घरी जाऊन सरपंचांच्या तीन भाकरींच्या दोन केल्या. त्यामुळे संध्याकाळी चावडीत बैठक बसली, तेव्हा सरपंच उपाशी होते आणि मास्तर दोन्ही खांद्यांवरून उपरणं घेऊन बसले होते.

"पोरांना रेडिओ बंद," मास्तर म्हणाले.

"आन् आजपासून समद्या गावाची शिलाई धाराशिवला," सरपंच म्हणाले. "खाजामियाँ, घरातली कंबर बाजारात नेली तुमी."

अब्बांच्या मागं सदऱ्याचं टोक धरून अन्वरी उभी होती. आता रेडिओही जाणार आणि अब्बांचं मशीनही बंद पडणार, एवढं तिला कळलं होतं. मार तर ठरलेलाच होता.

"कसूर पेटीचा न्हाय, सरपंच," अब्बा शांतपणे म्हणाले. "पोरीचाबी न्हाय. वही उघडी मी टाकली. उद्यापास्नं तिला कुलूप."

"कसलं कुलूप?"

"उर्दूचं. निजामाच्या शाळेत शिकलोय, ते कधी कामाला यायचं?"

सरपंचांनी विचार केला. "अहो, पन उर्दू मलाबी येती. मीबी त्याच शाळेतला."

"तुमची कंबर तुमी वाचली तर काय बिघडलं? पोरांना तर येत न्हाय."

चावडी हसली. सरपंचांनाही हसावं लागलं, कारण उपाशी पोटी फार वेळ रागावता येत नाही. रेडिओ पोरांना राहिला. शिलाईही पंधरा दिवसांत परत आली. धाराशिवच्या शिंप्याला कापसाचं सांगायचं कसं, हा पेच मास्तरांना सुटला नव्हता. नवा कोट शिवायला देताना ते हळूच म्हणाले, "यंदा जरा जास्त भरा. आन् साहेबांपुढं स्वागत वाचायला पोरीला पाठवा. आवाज खणखणीत हाय तिचा."

घरी अब्बांनी मारलं नाही. रागावलेही नाहीत. नवी वही काढली आणि उर्दूत लिहू लागले.

अम्मा, म्हणजे रजियाबी, उर्दू शिकवायला दोन वर्षं लेकीमागं पाटी घेऊन धावत होत्या आणि लेक हाती लागत नव्हती. त्या आठवड्यात ती आपणहून चुलीपाशी येऊन बसली. "अम्मा, अलिफ कसा काढतात?"

"बरी हायस न्हवं?" रजियाबींनी तिच्या कपाळाला हात लावला.

रमजानपर्यंत अन्वरीला 'कमर', म्हणजे कंबर, वाचता येऊ लागलं. पुढची सहा वर्षं ती अब्बा नमाजला गेले की वही वाचायची. मापांच्या कडेला अब्बा एखादी ओळ लिहीत. 'वीरप्पाला विजार आखूड हवी. नवी चप्पल दिसावी म्हणून.' 'पार्वतम्मा लेकीची चोळी सैल शिवा म्हणते. लेक सासरी वाळली, हे तिला मान्य नाही.' पुढं अन्वरीनं पुष्कळ पुस्तकं वाचली. माणूस वाचायला ती या वहीत शिकली, आणि हे तिनं अब्बांना कधी सांगितलं नाही.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर तिनं फळीवरच्या वह्या उतरवल्या. ती कळंबला शिकायला गेली त्या सालची वही तिनं कधी पाहिलीच नव्हती. पहिल्याच पानावर अब्बांचं बारीक उर्दू होतं.

'अन्वरी कळंबला गेली. आता ही वही चोरून वाचणारं घरात कुणी नाही. तरी लिहून ठेवतो. बलभीमरावांची कंबर चव्वेचाळीस.'

अन्वरी हसली. आतून अम्मांनी विचारलं, "काय झालं गं?" अन्वरीनं वही मिटली. चिंध्यांचं खोकं अजून मशीनखालीच होतं. ती त्याच्याजवळ खाली बसली, डोळे पुसले, आवाज नीट केला.

"हे तेर केंद्र आहे. त्या संध्याकाळची राहिलेली बातमी. अब्बा, तुमच्या वह्या मी वाचत होते. शिवायला न्हाय शिकले, बाकी समदं त्यातनंच शिकले."