तीन नंबरच्या बिळाचं मागचं दार

एका जंगलात सत्तर बिळं होती आणि प्रत्येक बिळाला नंबर होता. नंबर कशाला, ते विचारू नका. जनावराला बीळ लागतं, सरकारला नंबर लागतो. आता चुळबुळ थांबवा आणि ऐका.

तीन नंबरात एक साळिंदर राहायचं. बायको आणि दोन पिल्लं. बिळाला दार एकच, आणि त्या दारासमोर एक अजगर रोज ऊन खात पडायला लागला होता. मागून दुसरं दार काढणं भाग होतं. पण मंजुरीशिवाय मातीला नख लावायचं नाही, असा सिंहाचा हुकूम.

अर्ज एकाच बिळात कुजत पडू नयेत म्हणून दरबारातल्या कोल्ह्याने नियम काढला होता. आपल्या बिळाचा नंबर आणि दोन यांत जो फरक पडेल, त्याला त्यानेच गुणायचं, वर एक मिळवायचा. येईल त्या नंबराच्या बिळात अर्ज पाठवायचा. तिथून पुन्हा तसंच. जिथे अर्ज थांबेल, तिथला मालक मंजुरी देईल.

तीन आणि दोन, फरक एक. एके एक, वर एक, झाले दोन. साळिंदराचा अर्ज दोन नंबरात घोरपडीकडे गेला. तिने शिक्का म्हणून कागदावर पंजा उठवला. दोनात आणि दोनात फरक शून्य, वर एक. अर्ज एक नंबरात, तरसाकडे. एक आणि दोन, फरक एक. एके एक, वर एक. अर्ज परत घोरपडीकडे.

आठवड्याने साळिंदर चौकशीला गेलं.

"घोरपडबाई, माझा अर्ज?"

"आत्ताच तरसाकडे धाडला."

ते तरसाकडे गेलं. "तरसमामा, अर्ज?"

"पाठवला की घोरपडीकडे. माझ्याकडे काही तुंबत नाही, बाबा."

"मामा, तो तुम्हा दोघांतच फिरतोय. तुम्ही एकदा थांबवा ना."

"मी थांबवला तर मी अडवला असं होईल. माझी नोकरी घालवतोस?"

कागदावर पंजे इतके उठले की मजकूर दिसेना.

शेजारी चार नंबरात ससा. त्यालाही मागचं दार हवं होतं. त्याचा अर्ज पाचात गेला, तिथून दहात, दहातून पासष्टात. मग टपालाचा कावळा तो चोचीत धरून तीन हजार नऊशे सत्तर नंबरचं बीळ शोधायला उडाला.

"बघ," ससा म्हणाला, "माझा अर्ज कुठल्या कुठे पोचला. तुझा आपला घाण्याचा बैल."

"सशा, जंगलात बिळं सत्तरच आहेत."

"जळतोस तू."

साळिंदर घरी आलं.

"मिळाली का मंजुरी?" बायकोने विचारलं.

"नाही. मिळायचीही नाही. तेवढं एक नक्की कळलं."

"मग?"

"मग पोरांना बाजूला घे. माती उडेल."

तिसऱ्या दिवशी अजगर पुढून आत शिरला. तोवर चौघं मागून बाहेर. आत काहीच मिळेना, तेव्हा अजगर वैतागून शेजारी गेला. ससा दारातच कावळ्याची वाट बघत बसला होता.

इकडे दरबार चिडला. विनापरवाना दार काढलं म्हणून साळिंदराला जंगलातून हाकलायचा हुकूम निघाला. पण हुकुमालाही नियम तोच. तीन नंबरातून तो घोरपडीकडे गेला, घोरपडीकडून तरसाकडे, आणि तरसाने तो ताबडतोब, कुठेही न अडवता, घोरपडीकडे पाठवला.

चार नंबरात हल्ली अजगर राहतो. सशाचा अर्ज अजून पुढेच चाललाय. दरबारी वहीत शेरा आहे: प्रगती समाधानकारक.

तात्पर्य: आपला अर्ज फार पुढे गेला असं कोणी सांगितलं, तर आधी बायकापोरं हलवावीत. तो दोन दारांत गरगरत असेल, तर साहेबाला शिव्या देऊ नयेत. उद्या आपल्याला हाकलायचा हुकूमही त्यालाच फिरवायचा असतो.