खणात न मावलेली फाईल

गुलाबरावांचा पाय फायलीला लागला तर ते वाकून तिच्या पाया पडत. माणसाला लागला तर, "रस्त्यात काहून उभा हायेस बे?" असं विचारत.

हा माणूस अमरावतीच्या कचेरीत रेकॉर्डकीपर होता. आमच्या खात्याची जुनी प्रकरणं अकोल्याला हलवायचं ठरलं, तेव्हा गठ्ठ्यांच्या ट्रकपाठोपाठ ती लावून द्यायला गुलाबराव आले. मी अकोल्याचा धाकटा कारकून, म्हणून ते माझ्याच वाट्याला आले. साठ सालच्या आसपासची गोष्ट आहे ही, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

भांडण खणांचं होतं. अमरावतीत प्रकरण वाढेल तसे कागद एकाच दोऱ्यात ओवत जायचे. उशीएवढं झालं तरी फाईल एकच. आमच्याकडे लाकडी रॅक, आणि खण फक्त एक वीत उंच. त्यात न मावणारी फाईल मधोमध फोडून भाग एक, भाग दोन करायचे आणि भाग दोन समोरच्या भिंतीच्या रॅकमध्ये टाकायचा, असा साहेबांचा लेखी हुकूम.

"कोन्या गाढवानं बनवले हे खन?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. साहेब मागेच उभे होते.

आठ दिवस त्यांनी माझं रक्त आटवलं. दोरा कापला की, "हळू! कागदाले दुखते." शिक्का मारला की, "कागदाले दुखते." एक दिवस मी तापाने फणफणत होतो, तर म्हणाले, "नाटकं नोको करू, बाबू." सुताराशी, पंख्याशी, अकोल्याच्या पाण्याशी, सगळ्यांशी त्यांचं वाजलं.

एक फाईल मात्र त्यांनी ट्रकमध्ये टाकलीच नव्हती. सर्व्हिस मोटारीत मांडीवर घेऊन आले होते. "कंडक्टर म्हने टपावर टाका. म्या म्हटलं, तूच बस टपावर." मोर्शीकडच्या दोन भावांचा विहिरीवरून चाललेला दावा होता तो, सगळ्यांत जाड. तिला ते कोणाला हात लावू देईनात.

शेवटच्या दिवशी माझा संयम सुटला. मी ती फाईल ओढली, मधोमध उघडली आणि चाकू उचलला. गुलाबरावांनी माझं मनगट धरलं.

"तुमच्या बापाची हाये का फाईल?" मी ओरडलो.

"भावाची हाये," ते म्हणाले.

मी पानं पाहिली. डाव्या पानावर खुद्द गुलाबरावांचा जबाब, खाली सही. उजव्या पानावर त्यांच्या थोरल्या भावाचा, खाली अंगठा. मी दोरा कापला असता तर हे या भिंतीला गेले असते आणि तो त्या भिंतीला.

"औंदा गेला तो." आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "वीस वर्सं बोललो नाही आमी. मयतीलेबी गेलो नाही म्या, इतका राग. आता इथंच काय ते आमी दोघं जवळ हावो."

मला भयंकर संताप आला. त्यांचा, त्या भावाचा, त्या विहिरीचा आणि आमच्या वीतभर खणांचाही. चाकू टेबलावर आपटून मी सुताराला बोलावलं आणि दोन खणांमधली फळी काढायला लावली. "फळीस वाळवी लागली, सबब काढली," असा धडधडीत खोटा खुलासा साहेबांना लिहून दिला. फाईल अखंड आत बसली.

आभार वगैरे दूरच. गुलाबराव म्हणाले, "गाठ ढिल्ली बांधली, बाबू. कारकून हायेस का कोन?"

मग त्यांनी ती खाली काढली, गाठ सोडली, कडा सारख्या केल्या आणि हळूहळू पुन्हा बांधायला बसले. त्यांना परत न्यायला रिकामा ट्रक दाराशी आला होता आणि ड्रायव्हर सारखा भोंगा वाजवत होता. गुलाबरावांनी त्याला एकही शिवी दिली नाही.