देवजीच्या भाताचा रंग

"रंग मी घरी जाऊन भरते, मामा," असं सारिका म्हणाली आणि देवजीचा पारा तिथेच बांधावर चढला.

देवजीचं म्हणणं असं, की त्याच्या भाताला रंग भरायची गरजच नव्हती. त्या वर्षी वैशाखरे गावात तसं भात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. घाटपायथ्याच्या गावांच्या शेतकरी मंडळाची दरवर्षी भाताची स्पर्धा व्हायची. तीन वर्षं ओळीनं पहिला नंबर कुंडलिकाचा आणि दुसरा देवजीचा आला होता. दोघांच्या शेतांमध्ये एकच बांध, त्यामुळे आपण दुसरे आलो हे देवजीला रोज सकाळी डोळ्यांनी बघावं लागायचं. यंदा मंडळानं नवा नियम काढला. पहिल्या फेरीत परीक्षक फिरणार नाहीत, प्रत्येकानं आपल्या शेताचा व्हिडिओ द्यायचा. देवजीनं लगेच वाशिंदहून भाचीला बोलावून घेतलं.

सारिका मुंबईच्या एका स्टुडिओत सिनेमातली दृश्यं जोडायचं काम करायची. एका कॅमेऱ्यानं टिपलेला माणूस, दुसऱ्यानं टिपलेला डोंगर आणि संगणकात केलेलं वादळ एकाच चित्रात असं बसवायचं, की कुणाला सांधा दिसू नये. प्रत्येक कॅमेऱ्याची रंग साठवायची तऱ्हा वेगळी असते, आणि लोक ती न सांगताच फायली पाठवून देतात, याचा तिला नोकरीला लागल्यापासून संताप होता. निदान मामाचं काम तरी रीतसर करायचं म्हणून तिनं मोठा कॅमेरा मागून आणला आणि शूटिंग केलं ते 'लॉग' पद्धतीनं. या पद्धतीत चित्र मुद्दाम फिकं, राखाडी साठवतात. कडक उन्हातला उजेड आणि सावलीतला बारकावा दोन्ही त्यामुळे शिल्लक राहतात आणि खरा रंग मागाहून संगणकावर परत आणता येतो. हे तिनं मामाला तीनदा समजावलं.

"म्हंजे ह्याच्यात माझं भात हिरवं नाय?"

"हिरवंच आहे. फक्त अजून दिसत नाय."

"मग दिसंल असं काढ ना गो."

शेवटी देवजी नमला, पण एक काम गळ्यात घालूनच. शेताच्या मधोमध विजेचा खांब उभा होता. तो हलवावा म्हणून देवजीनं अकरा अर्ज केले होते आणि अकराही वेळा खांब जागच्या जागी राहिला होता. निदान चित्रातून तरी तो काढ, असं त्यानं भाचीला सांगितलं. सारिकाच्या दृष्टीनं हे डाव्या हातचं काम होतं. तिनं मूळ फायलीची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून हौसामामीकडे ठेवायला दिली, हे कच्चं आहे, कुणाला देऊ नका, असं बजावलं आणि ती वाशिंदला गेली.

चौथ्या दिवशी मंडळाचा सचिव मनोज मोटारसायकलवरून दारात आला. व्हिडिओ द्यायचा तो शेवटचा दिवस होता आणि सारिकाचा फोन लागत नव्हता. देवजीनं फडताळातून पेनड्राइव्ह काढला. पोरगी कच्चं हाय म्हणून सांगून गेलीय, असं हौसानं आठवण करून दिली, तर देवजी म्हणाला, कच्चं असणारच, दाणा भरायचाय अजून.

रविवारी मुरबाडला मंडळाच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर सगळ्यांचे व्हिडिओ दाखवले. कुंडलिकानं साध्या फोननं काढलेलं शेत पाचूसारखं चमकत होतं. मग देवजीचं शेत आलं. कुणीतरी वरून चुलीतली राख चाळावी तसं ते दिसत होतं. आभाळ राखाडी, भात राखाडी आणि बांधावर हात जोडून उभा असलेला देवजी तर आठवडाभर तापानं झोपून उठलेला वाटत होता. मुख्य परीक्षक गोजरसाहेब कृषी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि हा कडाकरपा आहे, तोही शेवटच्या टप्प्यातला, असं निदान केलं. हा रोग पाण्यातून पसरतो, असंही त्यांनी सांगितलं.

देवजी उठून उभा राहिला. रोग भातावर नसून फायलीवर आहे, हे त्यानं परोपरीनं सांगितलं, पण भाचीनं तीनदा समजावलेलं त्याला एकदाही नीट सांगता येईना. लॉग म्हणजे काय, असं साहेबांनी विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, की हिरवं असतं पण दिसत नाय. लोकांनी माना हलवल्या. दुःखात माणूस असं बोलतो.

तो वैशाखऱ्याला परतला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. उताराच्या खालच्या तीन शेतकऱ्यांनी त्याच्या शेतातून येणारी पाण्याची वाट चिखलानं बुजवली होती. कुंडलिकानंही आपल्या बाजूची बुजवली होती. शेजारची धोंडीबाई हौसाचं सांत्वन करायला येऊन बसली होती. देवजीनं तिला शेतात नेऊन हिरवंगार भात दाखवलं, तर वरून असंच दिसतं, आतून लागतं, असं म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला.

फोनवर मामा आणि भाची दोघंही एकमेकांवर चिडले. कच्ची फाइल दिलीच कशी, असं सारिका विचारत होती, आणि कच्चं काढलंसच कशाला, असं देवजी. मग तिनं रजा टाकून रंग बसवला, खांब पुसून तिथे भाताच्या ओंब्या बसवल्या आणि तयार फाइल मनोजला पाठवली. वर फोन करून, पहिली फाइल बिनरंगाची होती, हे त्याला नीट सांगितलं.

मनोज सज्जन होता. बिनरंगाच्या फायलीत रंग भरायचा असतो, एवढं त्याच्या ध्यानात राहिलं. ही नवी फाइल त्यानं मुरबाडच्या एका फोटोवाल्याकडे नेली, आणि त्यानं रंगाचं तेच गणित रंगलेल्या फायलीवर आणखी एकदा चढवलं. परीक्षकांना टीव्हीवर भात दिसलं ते पोपटाला लाजवणारं. आभाळ जांभळं झालं होतं आणि देवजीचा चेहरा भट्टीतून काढलेल्या विटेसारखा दिसत होता. आठवड्यात मरणारं भात असं कसं उठलं, असा प्रश्न पडून गोजरसाहेब स्वतः शेत बघायला निघाले.

ते आले तेव्हा बांधावर निम्मा गाव होता आणि सारिकाही आली होती. साहेबांनी पानं बघितली, चार ठिकाणी ओंब्या मोजल्या, दाणा चावून पाहिला. इतकं निरोगी भात आपण या वर्षी पाहिलं नाही, असं ते म्हणाले. देवजीची छाती फुगली. मग साहेबांची नजर शेताच्या मधोमध गेली आणि त्यांनी खिशातून फोन काढून व्हिडिओ पुन्हा लावला.

"हा खांब यात नाही."

"तो काढलाय," सारिका म्हणाली.

"कुठे काढलाय? उभा आहे की."

तिनं दृश्यं जोडणं म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली, आणि जसजशी ती खरं सांगत गेली तसतसं ते वाईट होत गेलं. खांबाच्या जागचं भात दुसरीकडून उचललंय, हे ऐकल्यावर साहेबांनी वही मिटली. नसलेलं भात दाखवणं ही फसवणूक आहे, आणि नियमाप्रमाणे देवजी स्पर्धेतून बाद, असं त्यांनी जाहीर केलं.

"आधी रोगी, आता लबाड," देवजी म्हणाला. "माझ्या शेतात उभं राहून मलाच?"

तो आणखी पुष्कळ बोलणार होता. चार दिवसांचा राग साठला होता. पण तेवढ्यात कुंडलिक बांध ओलांडून पुढे आला.

"सायब, मग माझंबी नाव काढा," तो म्हणाला. "मी रोज ह्या बांधावरून जातो. भात चांगलं हाय हे डोळ्यांनी बघितलं, आन तरी टीव्ही बघून पाणी बंद केलं. ह्याचं भात माझ्याहून सरस हाय. ह्याला सोडून मला पयला नंबर नको."

पहिला आणि दुसरा दोघंही गेल्यावर नंबर द्यायचा कुणाला, हा प्रश्नच होता. साहेबांनी पुन्हा एकदा खांबाकडे बघितलं, वही उघडली आणि यंदाचा निकाल व्हिडिओवर नव्हे, प्रत्यक्ष पाहणीवर लागेल, असं लिहून देवजीला पहिला नंबर दिला.

गावानं टाळ्या वाजवल्या. देवजीचा चेहरा मात्र पडला होता. पहिला नंबर मिळाला, तोही कुंडलिकाच्या उपकारावर. दिवाळीनंतर कापणी, झोडणी उरकली तरी हे त्याच्या मनातून जाईना. एका संध्याकाळी तो तडक उठला. माझ्यावर उपकार करायला तुला सांगितलं कुणी, असं कुंडलिकाला तोंडावर विचारून येतो, असं हौसाला सांगून त्यानं चपला घातल्या.

तो दोन तासांनी परतला, तोही जेवून.

"बोललात का?" हौसानं विचारलं.

"बोललो."

"काय बोललात?"

देवजीनं चपला काढल्या, पाय धुतले आणि ओटीवर बसून घेतलं. देवजीचं बियाणं कसं आहे ते कुंडलिकानं फार मायेनं विचारलं होतं. बोलण्याच्या भरात यानं त्याला दोन पायल्या कबूल करून टाकल्या होत्या.

"म्हंजे पुढल्या साली तो तुमचंच भात लावणार?"

"लावणार," देवजी म्हणाला, आणि म्हणतानाच त्याचा आवाज चढू लागला. "त्याची जमीन माझ्याहून चांगली. त्यात खांब नाय. माझ्या बियाण्यावर तो माझ्याच डोळ्यांदेखत पयला येणार. माणसानं मागावं तरी किती!"