वर्नाचा घसा

सोमवारी सकाळी आठ वाजता वर्ना कोझाकने पहिल्या पेशंटला हाक मारायला तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. तिने पुन्हा जोर लावला. या वेळी आला तो सायकलच्या ट्यूबमधून हवा जाताना येतो तेवढाच आवाज.

दुसऱ्या कुणाचा घसा बसला असता तर पॉपलर बेंडच्या इस्पितळात कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण वर्ना फुप्फुसांच्या तपासणीची तंत्रज्ञ होती, आणि ते काम नव्वद टक्के ओरडण्याचं असतं. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला सांगायचं आणि मग बुडाशी उरलेली शेवटची हवा बाहेर पडेपर्यंत त्याच्या अंगावर ओरडत राहायचं. "फुंका! फुंका! अजून, अजून, अजून! सोडू नका!" स्वतःहून कुणीच पूर्ण फुंकत नाही. माणसाला वाटतं, झालं आपलं. झालेलं नसतं.

गावात त्या खोलीला 'फुंकणी' म्हणत. वर्ना तिथे अठ्ठावीस वर्षं ओरडत होती. इस्पितळात बाळंतपणं होत त्या काळात भिंतीपलीकडच्या एका बाईने, डॉक्टर यायच्या आत, केवळ वर्नाच्या हुकमांवर जुळ्यांना जन्म दिला होता. त्या वेळी वर्ना खरं तर एका बटाटेवाल्याचा दमा तपासत होती.

घसा बसण्याचं कारण सर्दी नव्हती, पडसं नव्हतं. निव्वळ विजय होता. शनिवारी कर्लिंगचा अंतिम सामना झाला. बर्फावरून दगड सरकवायचा, दोघांनी त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने झाडू मारत पळायचं आणि कप्तानाने पलीकडच्या टोकावरून त्यांच्यावर ओरडायचं, असा तो खेळ. कप्तान वर्ना होती. शेवटचा दगड वाटेतच थांबेलसा वाटत होता. तो वर्नाने नुसत्या आवाजाने सहा फूट पुढे नेला, असं पाहणारे सांगतात. चषक पॉपलर बेंडला आला. आवाज तिथेच राहिला.

आणि नेमक्या याच सोमवारी रेजायना शहरातल्या, आरोग्य खात्याच्या मुख्य कचेरीतून ब्रेंट लिंडक्विस्ट नवं यंत्र घेऊन आला होता.

ब्रेंट तिशीतला, गुळगुळीत दाढीचा, अतिशय सभ्य तरुण होता. यंत्रही त्याच्यासारखंच होतं. त्याला पडदा होता, पडद्यावर वाढदिवसाच्या मेणबत्त्या होत्या आणि पेशंटशी बोलायला एका बाईचा गोड आवाज होता. सकाळी सगळ्या पेशंटांनी एकट्या यंत्रासमोर फुंकायचं, दुपारी त्याच यंत्रात, पण वर्नासमोर. आकडे सारखेच आले, तर यंत्र कॉरिडॉरमध्ये उभं राहणार होतं आणि वर्ना सव्वाशे किलोमीटरवरच्या नोंदणी विभागात बसणार होती. तिथे ओरडायला परवानगी नव्हती. पेन्शनला तीन वर्षं उरली होती.

"यात व्यक्तिगत काही नाही हं," ब्रेंट म्हणाला आणि खोकला.

वर्नाने ओठ हलवले.

"काय म्हणालात?"

तिने चिठ्ठीवर लिहून दिलं : *तुला बराच खोकला आहे.*

"छे, थंडीची ढास आहे. गाडी लावून इथवर चालत आलो ना. उणे एकतीस आहे बाहेर. दर हिवाळ्यात होते मला." मग यंत्र कसं चालतं ते दाखवायला त्याने स्वतःच नळी तोंडात धरली आणि फुंकर मारली. मेणबत्त्या विझल्या.

"उत्तम प्रयत्न," यंत्र म्हणालं. "मनापासून धन्यवाद."

"बघा," ब्रेंट म्हणाला आणि पुन्हा खोकला. "याला कडक आणि मनमिळाऊ अशा दोन पद्धती आहेत. कडकमध्ये लोकांना वाईट वाटतं, अशा तक्रारी आल्या होत्या. म्हणून मी मनमिळाऊ लावलीय."

पहिला नंबर एल्मर फ्रीसनचा. एल्मरने चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर गव्हाची धूळ खाल्ली होती आणि मधल्या वेळात सिगारेटी ओढल्या होत्या. त्याने फुंकायला सुरुवात केली. तिसऱ्या सेकंदाला यंत्र म्हणालं, "सुंदर. थकला असाल तर थांबलात तरी चालेल."

एल्मर लगेच थांबला. त्याला आजवर या खोलीत कुणी असं विचारलं नव्हतं.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं.

"अगं, त्यात काय एवढं," एल्मर लाजून म्हणाला.

पण तो हे नळीतच बोलल्यामुळे यंत्र गोंधळलं. "माफ करा. पुन्हा एकदा प्रयत्न करू या का?"

"नाही नाही, माझीच चूक. मीच मध्ये बोललो."

"माफ करा. पुन्हा एकदा प्रयत्न करू या का?"

"असं वाईट वाटून घेऊ नकोस गं," एल्मर नळीत म्हणाला. ही देवाणघेवाण चार मिनिटं चालली. शेवटी ब्रेंटने एल्मरच्या तोंडातली नळी काढून घेतली, तेव्हा कुठे दोघं शांत झाले.

त्याच्यामागून हिल्डा थोरसन आल्या. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, दमा लहानपणापासूनचा. मग आणखी तिघं आले. सगळ्यांनी तीन-तीन सेकंद फुंकलं, सगळ्यांचे आभार मानले गेले आणि दुपारी बारापर्यंत पाचही जणांची फुप्फुसं नॉर्मल निघाली.

महिन्यातून एकदा सॅस्कटूनहून येणारे डॉक्टर ओकाफोर जेवणाच्या सुट्टीत ते कागद घेऊन आले. त्यांनी ते सरळ धरून पाहिले, मग उलटे धरून पाहिले.

"एल्मर नॉर्मल?" ते म्हणाले. "हा माणूस गाडीपासून दारापर्यंत येताना तीनदा हवामानावर बोलायला थांबतो."

"हवामान आहेच तसं, डॉक्टर," बाकावरून एल्मर म्हणाला. "पण ते जाऊ द्या. मी नॉर्मल आहे तर तो तोंडात मारायचा औषधाचा पंप बंद करू ना? तोंड कडू होतं माझं त्याने."

वर्नाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने हातवारे करून 'नाही, नाही' म्हटलं. ब्रेंटला वाटलं, ती निरोप घेते आहे.

दुपारी वर्नाची पाळी आली. तोवर तिने मिठाच्या पाण्याच्या सात गुळण्या केल्या होत्या, मध चाटला होता आणि स्वयंपाकघरातल्या बाईने दिलेलं बीटचं गरम सूपही प्यायलं होतं. एल्मरच्या नाकाला चिमटा लावून, त्याच्या कानापाशी वाकून, सगळा जीव एकवटून ती म्हणाली, "फुंका..."

ते ऐकून एल्मरने पाळण्यातलं बाळ जागं होऊ नये इतक्या हळुवारपणे फुंकर घातली.

"अजून..." वर्ना कुजबुजली.

एल्मरने नळी काढली. "काय गं? काही गुपित आहे का?" तोही कुजबुजला.

एकूण हवेचा आकडा सकाळपेक्षाही खाली आला. ब्रेंटने वहीत काहीतरी लिहिलं. अगदी छोटंसं वाक्य होतं, पण त्याच्या शेवटी पूर्णविराम होता.

वर्ना उठली आणि कोट न घालता, उणे एकतीसमध्ये, बाहेर गेली.

"रडायला गेली असेल बिचारी," एल्मर म्हणाला.

"वर्ना? रडायला?" हिल्डाबाई दारातून म्हणाल्या. "एल्मर, तू माझ्या वर्गात होतास तेव्हाही असलाच बावळट होतास."

दोन मिनिटांनी वर्ना परत आली. पापण्यांवर हिम होतं आणि हातात तिच्या गाडीत पडलेला कर्लिंगचा झाडू होता. तिने एल्मरच्या तोंडात नळी खुपसली, बोटाने 'घे श्वास' अशी खूण केली आणि खाली वाकून त्याच्या पायांपुढची फरशी झाडायला सुरुवात केली.

साधंसुधं झाडणं नव्हतं ते. दोन्ही हात, कंबर, खांदे, सगळं त्यात होतं. एल्मर अकरा वर्षं वर्नाच्या मिश्र संघातून खेळला होता. समोर झाडू असा चालत असताना थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याचे डोळे विस्फारले. तो फुंकू लागला.

"सुंदर," यंत्र म्हणालं. "थकला असाल तर..."

"तू गप गं!" हिल्डाबाई गरजल्या. बेचाळीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवलेला तो आवाज. मग त्या एल्मरकडे वळल्या. "अजून! अजून! रेट, एल्मर, रेट!"

बाकावरचे तिघं दारात आले. "अजून! सोडू नकोस!" झाडूचा आवाज ऐकून सफाई कामगार ओरेस्ट धावत आला. आपलं काम दुसरं कोण करतंय ते बघायला तो आला होता, पण समोरचं दृश्य पाहून त्यालाही राहवलं नाही. "दाबून! दाबून!" सहा सेकंद झाले. नऊ झाले. एल्मर बीटच्या सूपाच्या रंगाचा झाला. तेराव्या सेकंदाला त्याच्या छातीतली, बहुधा गेल्या सुगीपासून अडकलेली, शेवटची हवा बाहेर आली आणि तो खुर्चीत कोसळला.

"जिंकलो का?" त्याने विचारलं.

डॉक्टर ओकाफोर आवाज ऐकून आलेच होते. सकाळी एल्मरची सगळी मिळून हवा दोन लिटर भरली होती. आता ती दोन पूर्णांक नऊ झाली. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा मात्र दोन्ही वेळा तितकीच होती. त्यामुळे तिचं एकूण हवेशी असलेलं प्रमाण चौऱ्याहत्तर टक्क्यांवरून एक्कावन्नवर उतरलं होतं.

"पण आकडा तर खाली आला!" ब्रेंट म्हणाला. "म्हणजे यंत्रच बरं की!"

"आकडा खालीच होता," डॉक्टर म्हणाले. "नळ्या आकसलेल्या माणसाची हवा हळूहळू, शेवटपर्यंत येत राहते. ती शेवटची हवा बाहेर काढलीच नाही तर एकूण बेरीज लहान होते आणि प्रमाण छान दिसतं. तुमच्या यंत्राने सकाळी आजार बरा केला नाही. फक्त सभ्यपणे त्याच्याकडे दुर्लक्ष केलं." मग ते एल्मरकडे वळले. "पंप चालू ठेवायचा."

"नॉर्मल होतो तेव्हा बरं वाटत होतं," एल्मर म्हणाला.

ब्रेंटला उत्तर द्यायचं होतं, पण त्याला ढास लागली. ती बराच वेळ थांबेना. डॉक्टर त्याच्याकडे, मग वर्नाकडे पाहू लागले. वर्नाने खुर्ची पुढे ओढली आणि ब्रेंटला झाडूनेच तिच्याकडे खूण केली.

"मी? मी सकाळीच फुंकलंय," ब्रेंट म्हणाला. "उत्तम आलंय माझं."

"ते सगळ्यांनाच उत्तम म्हणतं, बाळा," हिल्डाबाई म्हणाल्या. "मीही तिसरीच्या वर्गाला म्हणायचे. बस."

ब्रेंट बसला. चिमटा लागला. वर्नाने झाडू हाती घेतला आणि पॉपलर बेंडच्या सहा नागरिकांनी, ज्यांना सकाळपर्यंत या माणसाचं नावही माहीत नव्हतं, त्याच्यासाठी घसे फोडले. प्रमाण एकसष्ट आलं. मग डॉक्टरांनी त्याला पंपाचे दोन झोत दिले, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदाची हवा बावीस टक्क्यांनी वाढली.

"दमा आहे," डॉक्टर म्हणाले. "साधा, सरळ, औषधाने आटोक्यात राहणारा दमा. किती हिवाळे याला ढास म्हणत होतात?"

"नऊ," ब्रेंट म्हणाला. त्याने एक लांब श्वास घेतला. मग, खात्री करून घेतल्यासारखा, आणखी एक घेतला. "अरेच्चा," तो म्हणाला. "हा एवढा असतो होय?"

एल्मरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तोंड कडू होईल हं."

ब्रेंटचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. वर्नाची जागा कायम. यंत्र ठेवावं, पण कडक पद्धतीवर, आणि माणूस हजर असतानाच वापरावं. सोबत साहित्याच्या मंजूर यादीत, नळ्या आणि चिमटे यांच्या खाली, एक नवी नोंद होती : झाडू, कर्लिंगचा, नग एक.

आवाज मात्र त्याआधीच, चौथ्या दिवशी, परत आला होता. पुढच्या सोमवारी वर्नाने छाती भरून, खिडकीची काच थरथरेल अशी, "फुंका!" ही आरोळी ठोकली. एल्मर चार सेकंद फुंकून थांबला आणि कोपऱ्यात बघू लागला.

"झाडू कुठंय?" त्याने विचारलं.

हिल्डाबाईंनीही तेच विचारलं. मागच्या खेपेला जे हजर नव्हते, त्यांनीही ऐकून आल्याप्रमाणे तेच विचारलं. झाडूशिवाय आता कुणाची शेवटची हवा सुटेना. वर्ना ओरडताना झाडू लागली, तर दम लागून आवाज तुटू लागला. तेवढ्यात ओरेस्टच्या युनियनची रीतसर तक्रार आली, की इस्पितळाच्या इमारतीत झाडण्याचं काम करण्याचा अधिकार फक्त सफाई विभागाला आहे.

मुख्य कचेरीत या तक्रारीवर दोन बैठका झाल्या. दोन्हींत ब्रेंट खिशात पंप ठेवून हजर होता, आणि कधी नव्हे तो न खोकता, सलग बोलला. तेव्हापासून दर सोमवारी फुंकणीच्या खोलीत वर्ना ओरडते आणि ओरेस्ट अर्धा दिवस पेशंटपुढची फरशी झाडतो. पुढच्या मोसमात तो तिच्या संघातून खेळणार आहे.

यंत्रामुळे पॉपलर बेंडमधली एक जागा वाचायची होती. तिची दीड झाली आहे.