दुखवट्यातलं ग्राफिक कार्ड

मरणापुढं कुणाचं काही चालत नाही, हे सर्वमान्य आहे. म्हणूनच जिथं आपलं काही चालेल अशी एखादी वस्तू समोर दिसली, की शहाणी माणसं तिच्याकडं वळतात. कोल्हापुरात दुखवट्याला येणारा पाहुणा तर मुळात कामाचा माणूस. हात बांधून गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नाही.

शिवकुमार अप्पा गेले तेव्हा त्यांच्या बाहेरच्या खोलीत अशी एक वस्तू होती. अप्पांच्या लेकीच्या, विद्याश्रीच्या, धाकट्या भावानं कॉलेजात असताना गेम खेळायला खास जुळवून घेतलेला कॉम्प्युटर. भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला आणि कॉम्प्युटर अप्पांच्या वाट्याला आला. अप्पांनी जन्मभर भांड्यांचं दुकान चालवलं, सायकलीपलीकडं वाहन चालवलं नाही. उतारवयात मात्र ते रोज जेवण झालं की पडद्यावरचा अवजड मालट्रक घेऊन निघत. सिग्नलला थांबत. रस्ता रिकामा असला तरी वळताना इंडिकेटर देत. कुणी मागून हॉर्न दिला, तर "जा बाबा, तुलाच घाई" म्हणून बाजूला होत. पडद्यावर चित्र हलवणारं आतलं ग्राफिक कार्ड इतकं जुनं होतं की ट्रक बैलगाडीच्या चालीनं जाई. (ही चाल त्यांना ट्रकला शोभेशी वाटे.) कार्ड स्वतःच्या वजनानं कलायला लागलं, तेव्हा त्यांनी त्याला विभूतीच्या रिकाम्या डबीचा टेकू दिला होता.

अप्पांच्या मागोमाग कार्डानंही मान टाकली. पडद्यावर हिरवे पट्टे आले आणि गेम उघडेना. विद्याश्रीला फार काही नको होतं. शेवटच्या दिवशी अप्पा कुठल्याशा घाटात ट्रक उभा करून उठले होते. "ऱ्हाऊ दे, उद्या पोचवतो," असं रत्नव्वाला, म्हणजे तिच्या आईला, म्हणाले होते. तो उभा असलेला ट्रक तिला एकदा बघायचा होता. म्हणून भेटायला आलेल्या आतेभावाला, धैर्यशीलला, तिनं हळूच विचारलं, "कार्ड तेवढं बदलून मिळेल का?"

इथून पुढं दुखवट्याला शिस्त आली.

त्याआधी माणसं यायची, सतरंजीकडं बघत बसायची आणि पंख्याकडं बघून उठायची. आता त्यांना विषय मिळाला. शेजारचे पिराजीकाका चष्मा कपाळावर चढवून कॉम्प्युटरपाशी वाकले.

"किती वर्साचं हाय गं ह्ये?"

"बारा-तेरा."

"मग आता कशाचं ऱ्हातंय? नुसतं कार्ड बदलून भागायचं न्हाय बघ."

"काका, मला फक्त एकदाच..."

"आगं, एकदाच करायचं तर चांगलंच करायचं की!"

यानंतरचा तर्क निर्दोष होता. नव्या कार्डाला जुनी वीज पुरत नाही, सबब पॉवर सप्लाय बदलावा. कार्ड लांबीला जास्त, सबब कॅबिनेट बदलावं. कार्ड पळणार आणि प्रोसेसर रांगणार, हे बरं दिसत नाही, सबब प्रोसेसर. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही, सबब मदरबोर्ड. पायताणाचा अंगठा शिवायला टाकावा आणि पायापासून वर सगळा माणूस नवा करून मिळावा, असा हा शास्त्रशुद्ध मार्ग आहे. भेटायला आलेल्या दर दहांपैकी सातांनी कार्डाची चौकशी केली, दोघांनी कॅबिनेटची. उरलेल्या एकानं अप्पांची केली, पण त्याला पुढच्या गल्लीतल्या अप्पांकडं जायचं होतं.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. अशुभ मानतात. पण सुधारणेपुढं रूढी टिकत नाही. आता एकेक जण उंबऱ्यातून मोठ्यानं सांगून जाऊ लागला, "येतो परत, कॅबिनेटला पंखा कुठला घालायचा ते इचारून!"

धैर्यशील कॉम्प्युटर उचलून घेऊन गेला. जाताना विद्याश्रीनं बजावलं, "अप्पांचा गेम तसाच राहू दे हं."

"ऱ्हाणारच की, ताई! तू काळजीच सोड."

कॉम्प्युटर परत आला तो काचेच्या कॅबिनेटमधून, आत सात रंगांचे दिवे घेऊन. रत्नव्वा म्हणाली, "देव्हाऱ्यात बी एवढा उजेड न्हाय, बाई." खोली भरली. पिराजीकाकांना पुढची खुर्ची देण्यात आली. धैर्यशीलनं गेम सुरू केला. पडद्यावर एक रिकामी चौकट आली आणि नव्या चालकाचं नाव विचारू लागली.

"अप्पांचं जुनं कुठं आहे?" विद्याश्रीनं विचारलं.

"जुनी डिस्क फॉरमॅट मारून साफ पुसली, ताई. लई कचरा हुता. गेम नवाकोरा टाकलाय, सगळ्यात पुढचा!"

कुणीतरी चौकटीत काहीतरी नाव टाकलं. ट्रक वाऱ्यासारखा सुटला. कोपऱ्यातला वेगाचा आकडा शंभराच्या वर गेला, तशी खोलीत "हाय का न्हाय!" अशी समाधानाची लाट उठली. रत्नव्वानं लेकीच्या कानाशी वाकून विचारलं,

"ह्यांचा माल पोचला व्हय गं?"

"पोचला, अव्वा," विद्याश्री म्हणाली. मग तिनं सगळ्यांचे आभार मानले. तशी पद्धत आहे.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानात एव्हाना एक गोष्ट आलीच असेल, की फॉरमॅट करण्याआधी अप्पांच्या गेमची ती एक फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला हवी होती. दोन मिनिटांचं काम. सूचना मोलाची आहे आणि विद्याश्री ती ऐकून घेईल. आतापर्यंत सगळ्यांच्याच ऐकल्या आहेत. या, बसा, चहा ठेवलाय.

अप्पा कशानं गेले, हे तुम्हीही विचारलं नाहीत.