नऊशे ग्रॅमची नवरी

जरीपटका नावाच्या वस्तीतल्या एका गल्लीत, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर एक पाटी आहे. मजकूर पाटीच्या मालकानंच लिहिल्यामुळे त्यात सत्याचा हस्तक्षेप झालेला नाही. 'रुपराव गावंडे. विदर्भाचा तिसरा डोळा. चोरी, पलायन, संशय व अफवा यांचा शास्त्रोक्त छडा. पोलिसांनी हात टेकल्यावर भेटा. टेकण्याआधी भेटलात तर उत्तम.'

रुपरावांनी बत्तीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. त्या काळात आपण तीन खुनी, अकरा दरोडेखोर आणि एक परदेशी हेर नुसत्या आकड्यांवरून पकडला असता, असं ते शपथेवर सांगतात. मग पकडला काहून नाही, असं विचारलं तर म्हणतात, "ड्यूटीत बसत नव्हतं गा." माणूस खोटं बोलते, मीटर बोलत नाही, हे त्यांचं ब्रीद.

पाटी ज्या भिंतीवर आहे ती भिंत, रुपराव ज्यावर बसून चिंतन करतात ते स्टूल आणि गुन्ह्याच्या जागी ज्यावरून जातात ती स्कूटर, या तिन्ही गोष्टी धम्मानंदच्या. धम्मानंद मिक्सर दुरुस्त करतो. आपण असिस्टंट कधी झालो हे त्याला आठवत नाही. एकदा त्यांना स्कूटरवर लिफ्ट दिली होती, एवढंच आठवतं.

मे महिन्यातली दुपार होती. रस्त्यावरचं डांबर चपलेशी दोस्ती करू पाहत होतं. अशात ओळखीतल्या भैरवीचा फोन आला.

"काका, इलायची गायब झाली! अन् पाहुणे तीन वाजता येऊन राहिले तिले पाहायले!"

इलायची ही भैरवीची कुत्री. चहाच्या कपात मावते म्हणून तिची जात 'टीकप' सांगत. वजन नऊशे ग्रॅम, कानांसकट. तिला दर तीन तासांनी भरवावं लागे. एक खाणं चुकलं की रक्तातली साखर उतरून ती आडवी होई. आज तिच्यासाठी स्थळ येणार होतं. स्थळ फार मोठं होतं, म्हणजे फारच लहान होतं. सातशे ग्रॅम! आईबाप असे असल्यावर पिल्लं सुपारीएवढी होतील, असा हिशोब करून भैरवीनं भिशीतल्या तीन मैत्रिणींना एकेक पिल्लू कबूलही केलं होतं.

"शेवटचं कधी खाल्लं तिनं?" धम्मानंदनं फोनवरच विचारलं.

"एक वाजता. चार वाजेपर्यंत नाही सापडली तर मरून जाईल हो ते!"

धम्मानंदनं घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. त्यानं किक मारली.

भैरवीच्या घरी रुपराव आधी मीटरपाशी गेले. चष्मा पुसला, कान लावला. मीटर त्यांना वेळकाळासकट सगळं सांगतो. तो कसा सांगतो हे विजेच्या इंजिनिअरांनाही ठाऊक नाही.

"कूलर सकाळपासून बंद झालाच नाही," ते डोळे मिटून म्हणाले, "अन् एकच्या सुमारास, मिक्सर फिरला."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाले, "इलायची मिक्सरच्या भांड्यात मावते का वं?"

भैरवीनं किंकाळी फोडली. धम्मानंद स्वयंपाकघरात धावला, भांडं हुंगून आला आणि धंद्याच्या अधिकारवाणीनं म्हणाला, "शेंगदाण्याची चटणी आहे."

"ठीक," रुपराव म्हणाले, "एक शक्यता खोडली."

हॉलमध्ये भैरवीच्या सासूबाई, यमुताई, कूलरच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. नरखेड तालुक्यात पस्तीस वर्षं त्यांनी नर्स म्हणून बाळंतपणं केली. तिकडच्या अर्ध्या शेतकऱ्यांना जगातला पहिला धपाटा त्यांच्याच हातचा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि यमुताईंनी गळ्यापर्यंत लोकरीची शाल गुंडाळली होती.

रुपराव शालीकडे टक लावून पाहत राहिले. तिसरा डोळा उघडत असल्याचं धम्मानंदला स्पष्ट दिसलं.

"मलेरिया," रुपराव म्हणाले. "ताई, रक्त तपासून घ्या."

"घेतो ना भाऊ," यमुताई म्हणाल्या.

तेवढ्यात शाल शिंकली.

अगदी बारीक शिंक. यमुताई लगेच दोनदा खोकल्या आणि धम्मानंदकडे त्यांनी अशी नजर लावली, की त्याचा हात आपोआप दंडावरच्या, इंजेक्शनच्या जागी गेला.

"काका, ती शाल..."

"धम्मा, तू मिक्सर पाह्य. अजून कच्चा आहे तू." रुपराव फाटकाकडे निघाले होते. फाटकाखाली चार बोटांची फट होती. "हे पाह्य! हे पलायन आहे. बघायचा कार्यक्रम ठरला, अन् पोट्टी त्याच दिवशी पळाली. याचा अर्थ काय? पोट्टीच्या मनात दुसरा आहे! या गल्लीत तरुण कोण?"

"पानठेल्यावरचा काळ्या," भैरवी डोळे पुसत म्हणाली, "पण काका, तो तिच्या वीसपट आहे हो!"

"प्रेम वजनकाट्यावर उभं राहत नाही वं." आणि विदर्भाचा तिसरा डोळा काळ्याची जबानी घ्यायला उन्हात निघून गेला.

तीनच्या ठोक्याला वरपक्ष आला. महादेवराव नावाचे गृहस्थ, कडक इस्त्रीचा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात ओल्या रुमालात गुंडाळलेला नवरदेव. नाव बादशाह. भैरवीनं रडं गिळून चणा-पोह्यांच्या बशा पुढे केल्या. 'नवरी तयार होऊन राहिली' असं म्हणून ती पलंगाखाली पुन्हा वाकून आली.

"आणा बरं इकडं," यमुताई खुर्चीतूनच म्हणाल्या. एक हात शालीच्या आतच होता. दुसऱ्या तळव्यावर त्यांनी बादशाहला घेतलं. तो घंटी बंद केलेल्या मोबाईलसारखा थरथरत होता. यमुताईंनी अंगठा त्याच्या डोक्यावरून फिरवला आणि मध्येच थांबवला.

"टाळू भरली नाही याची. केवढा आहे?"

"दोन वर्षांचा," महादेवराव अभिमानानं म्हणाले. "लहान जातीत तसं राहतेच, ताई. मागचे गुडघे पण जरा सरकतात, पण मी बसवून देतो. याचा बाप तर याच्याहून लहान होता."

"होता?"

"सोफ्यावरून उडी मारली त्यानं. एवढीशी उडी. पाय मोडला, मग गेलाच."

"अन् माय?"

महादेवराव पोह्यातला शेंगदाणा चमच्यानं इकडून तिकडे ढकलायला लागले. "बाळंतपणात. चार पिल्लं होती. हा एकटा राहिला."

 धम्मानंदनं बादशाहकडे पाहिलं. त्याची जीभ तोंडात मावत नव्हती, म्हणून एका बाजूनं बाहेर आली होती. एवढ्या लहान तोंडात जीभ तरी कुठं ठेवेल बिचारा!

मग पाऊणएक तास पाहुण्यांदेखतच झाडाझडती झाली. बूट, उशा, पिठाचा डबा, सगळं उलटंपालटं झालं. शालीपाशी आला की धम्मानंदची पावलं आपोआप मागे वळत. आणि मग भैरवीच्या फोनचा अलार्म वाजला. चार वाजले होते. पडद्यावर लिहिलं होतं, 'इलायची, भरवणे'.

भैरवीनं फोन जमिनीवर ठेवला. "गेली माझी पोर," एवढंच तिच्या तोंडून निघालं. पिल्लं, भिशी, पाहुणे, काही उरलं नव्हतं. ती हमसून हमसून रडायला लागली.

यमुताईंनी एक उसासा सोडला. शाल उघडली. मांडीवर इलायची होती, लोकरीत घरटं केल्यासारखी. यमुताईंनी कनवटीची मधाची बाटली काढली, बोट बुडवलं आणि तिच्या हिरड्यांवर चोळलं. मग डबीतला उकडलेल्या चिकनचा एकेक तुकडा भरवला.

"आई!" भैरवी ओरडली. "काहून केलं तुमी असं?"

"तुले डॉक्टर काय म्हणाला होता? हिची कंबर एवढीशी, पिल्लू अडकते. तू म्हणाली, सिझर करू. नऊशे ग्रॅमचं सिझर! अवं, त्या टेबलावरून ती उठली नसती. मी तीनदा सांगितलं तुले. तीनही वेळा तू तिचा फोटो काढून राहिली होती." यमुताईंचा आवाज जरा उतरला. "अडलेली बाई मी पाहिली आहे, पोरी. रस्ता नाही, गाडी नाही, अन् ती माझ्याकडे पाहून राहिली. तिथं माझा इलाज नव्हता. इथं होता, म्हणून शाल घेतली."

भैरवी पुढे सरकली. तिनं इलायचीला उचललं, गालाला लावलं. मग फोन उचलून भिशीच्या ग्रुपवर बोलून पाठवलं, "पिल्लं नाही होणार. कोणालेच नाही. नवरीनं नकार दिला."

महादेवरावांनी बादशाहला खिशात ठेवलं आणि सवयीनं म्हणाले, "मग कळवता ना?"

"कळवलं," यमुताई म्हणाल्या. "अन् ऐका भाऊ, यालेही आता कोणाच्या दारी नेऊ नका. घरीच ठेवा." त्यांनी मधाची बाटली त्यांच्या हातात दिली. महादेवरावांनी ती जपून दुसऱ्या खिशात ठेवली.

इतक्यात रुपराव आले. पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंतच उरला होता. काळ्यानं जबानी दिली होती. त्यांनी भैरवीच्या हातातली इलायची पाहिली आणि छाती फुगवली.

"आली ना? मी तिकडचा रस्ता रोखला, म्हणून इकडं परत आली!"

कुणाचीच त्यांना दुरुस्त करायची हिंमत झाली नाही. खरं म्हणजे इच्छा झाली नाही. भैरवीनं त्यांना उरलेले पोहे दिले.

परतताना रुपराव स्कूटरवर मागे बसले होते. चौकातल्या सिग्नलला म्हणाले, "धम्मा, केस तर सुटली गा. पण एक गोष्ट मले अजूनही खटकून राहिली."

"कोणती, काका?"

"एवढ्या उन्हात त्या बाईनं शाल काहून घेतली असेल?"

सिग्नल हिरवा झाला. धम्मानंदनं गिअर टाकला.

"मलेरिया, काका."

"हेच," रुपराव समाधानानं म्हणाले, "हेच म्हटलं होतं मी."